लांबून पाहिलेली जवळची माणसे

फिलिपिनो वंशाच्या आजच्या चित्रकाराच्या टेबलावर तीन ठिकाणची चित्रे एकमेकांत मिसळून पडलेली असतात. काही घरची: आजीच्या लग्नाचा फोटो, भावंडांच्या बाप्तिस्म्याचा अल्बम, नोकरीसाठी परदेशी गेलेल्या आईने तिथून पाठवलेला स्वतःचा फोटो. काही संग्रहालयांतली: स्पॅनिश अमदानीतली जलरंगातली माणसे, अमेरिकी अधिकाऱ्यांनी टिपलेल्या ‘जमाती’. आणि काही फोनमधली: व्हिडिओ कॉल अडकला त्या क्षणाचा स्क्रीनशॉट, मध्यरात्री पाठवलेली सेल्फी, कुठून आला ते कोणालाच ठाऊक नसलेला एखादा विनोदी फोटो. पूर्वी या तिन्हींकडे जाण्याच्या वाटा वेगळ्या होत्या. आता तिन्ही एकाच काचेवर येतात आणि एकाच बोटाने पुढे सरकतात. त्यांतली एखादी प्रतिमा अडवून, तिच्यापाशी आठवडेच्या आठवडे बसून रंगवणाऱ्या चित्रकारांविषयी या संग्रहातले लेख आहेत.

मराठी वाचकाला फिलिपिन्स माहीत आहे ते प्रामुख्याने मॅगसेसे पुरस्कारामुळे. विनोबांना तो १९५८ मध्ये मिळाला, बाबा आमट्यांना १९८५ मध्ये. पुरस्काराच्या बातमीपलीकडे त्या देशाचे साहित्य, संगीत, चित्रकला आपल्यापर्यंत क्वचितच पोचली. त्यामुळे आजच्या चित्रकारांकडे वळण्याआधी त्यांच्या मागची दोनशे वर्षे थोडक्यात तरी समोर ठेवणे भाग आहे. ती ठेवताना सगळी नावे आणि सगळे कालखंड सारख्या मापाने मोजलेले नाहीत. एक धागा धरला आहे. फिलिपिनो माणसाचे चित्र सुरुवातीपासून बहुतेक वेळा दूरच्या कोणासाठी तरी काढले गेले. काढणारा एका किनाऱ्यावर, पाहणारा दुसऱ्या. त्यामुळे या कलेत जवळिकीचा विषय निघाला की अंतराचा हिशेब आलाच. इंटरनेटने हे अंतर निर्माण केलेले नाही. चित्र दूर धाडण्याचा जुनाच व्यवहार त्याने विलक्षण वेगाने चालवला.

या व्यवहाराची सुरुवात देवाच्या मूर्तीपासून होते. १५२१ मध्ये मॅगेलन सेबू बेटावर उतरला तेव्हा त्याने तिथल्या राणीला बाळ येशूची लाकडी मूर्ती भेट दिली. ती आजही सेबूत पूजली जाते. १५७१ मध्ये मनिला स्पॅनिश सत्तेचे केंद्र झाले आणि अकापुल्कोला जाणाऱ्या गलबतांतून रेशीम, चिनी मातीची भांडी आणि चिनी कारागिरांनी कोरलेल्या हस्तिदंती संतमूर्ती अमेरिकेपर्यंत जाऊ लागल्या. या समुद्री जाळ्यात आपलाही किनारा होता: वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया मनिलात फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले, तिथून जपानला गेले आणि १५९७ मध्ये नागासाकीत हुतात्मा झाले. फिलिपिनो घरात संताची मूर्ती म्हणजे घरातले माणूसच. तिला कपडे शिवायचे, केस लावायचे, दागिने घालायचे, सणाला मिरवणुकीत न्यायचे. प्रतिमेला हाताळणे, नटवणे, तिच्याशी बोलणे ही सवय तिथे चित्रकलेच्या आधीची आहे आणि चित्रकलेने ती कधी टाकली नाही.

कागदावरच्या चित्राची गोष्ट दामियान दोमिंगो या चित्रकारापासून सांगण्याचा प्रघात आहे. १८२१ मध्ये मनिलाच्या तोंदो भागात, राहत्या घरी त्याने चित्रकलेची शाळा काढली. देशातली ती पहिली. त्याची ख्याती मात्र ‘तिपोस देल पाईस’ या प्रकारच्या जलरंगचित्रांमुळे. कोऱ्या कागदावर एकच माणूस उभा. भरतकाम केलेला सदरा घातलेला गावप्रमुख, हातात वेताची काठी. खांद्यावर ओढणीसारखे वस्त्र घेतलेली मेस्तिसा, म्हणजे मिश्र वंशाची बाई. डोक्यावर टोपली घेतलेली विक्रेती. कापडाचा पोत, चपलेचा अंगठा, काठीची मूठ सगळे नेमके. पायांखाली सावलीचा एक फटकारा, बाकी परिसर नाही, घर नाही आणि नावही नाही. रफाएल डॅनियल बाबूम या कापड व्यापाऱ्यासाठी त्याने असा एक अख्खा संच केला. व्यापारी, खलाशी, अधिकारी हे अल्बम विकत घेत आणि बरोबर नेत. आपल्याकडच्या कंपनी शैलीतल्या धोबी, भिस्ती, पालखीवाल्यांच्या चित्रांमागेही हेच गणित होते. माणूस कपड्यांवरून ओळखायचा, नावावरून नाही.

त्याच शतकात होसे होनोरातो लोसानो याने एक अजब प्रकार लोकप्रिय केला: ‘लेत्रास इ फिगुरास’, म्हणजे अक्षरचित्रे. गिऱ्हाईक आपले नाव सांगे आणि चित्रकार त्या नावाचे एकेक अक्षर माणसांनी रचून देई. कोणी वाकून पाणी भरतो आहे, कोणी कोंबडा धरून उभा आहे, दोघे भांडत आहेत, आणि त्या अंगांच्या वळणांतून अक्षर तयार होते. मागे मनिलाची उपसागराकडची बाजू, चर्च, होड्या. दोमिंगोच्या चित्रात माणसाला नाव नव्हते. लोसानोच्या चित्रात नाव आहे, पण ते पैसे देणाऱ्याचे. स्थानिक माणसे त्या नावाची अक्षरे होऊन उभी आहेत. चेहरा, नाव आणि मालकी यांची ही गुंतागुंत पुढे दीडशे वर्षांनी, प्रोफाइल फोटो आणि युजरनेमच्या काळात, पुन्हा समोर येणार होती.

याला उत्तर देणारा एक प्रवाह तेव्हाही होता. साखर, ताग, तंबाखूच्या व्यापारावर श्रीमंत झालेल्या स्थानिक घराण्यांनी स्वतःची व्यक्तिचित्रे काढून घ्यायला सुरुवात केली. अननसाच्या धाग्यांच्या तलम कापडावरची नक्षी टाका न टाका मोजता येईल अशी रंगवायची, ही त्या शैलीची शान. सिमोन फ्लोरेसने मांडीवरच्या मुलाला अक्षरे शिकवणारी आई रंगवली, कुटुंबेच्या कुटुंबे एका चौकटीत बसवली आणि गेलेल्या मुलांची चित्रेही काढली. ही चित्रे गलबतावर चढण्यासाठी नव्हती. ती दिवाणखान्यात राहायची होती. फिलिपिनो चित्रकलेतल्या जवळिकीचा शोध घ्यायचा तर दोमिंगोच्या अनामिक विक्रेतीइतकेच फ्लोरेसच्या या नावगाव असलेल्या आईकडे पाहावे लागते. आजचे चित्रकार या दोघींना एकाच कॅनव्हासवर आणू पाहतात.

१८८४ च्या माद्रिद प्रदर्शनाबद्दल मात्र थोडक्यात बोललेले बरे, कारण त्याच्यावर पुष्कळ लिहून झाले आहे. हुआन लुनाच्या ‘स्पोलियारियम’ला सुवर्णपदक मिळाले, फेलिक्स इदाल्गोला रौप्य, आणि त्या आनंदात होसे रिझालने केलेले भाषण राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात जाऊन बसले. रोमन आखाड्यातल्या मेलेल्या योद्ध्यांना फरपटत नेण्याचे ते प्रचंड चित्र आज मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. वसाहतीतला चित्रकार महानगराच्या भाषेत महानगरापेक्षा वरचढ बोलू शकतो, एवढे त्याने सिद्ध केले. पण याच लुनाने १८९२ मध्ये पॅरिसमध्ये पत्नी आणि सासूची गोळ्या झाडून हत्या केली आणि फ्रेंच न्यायालयाने पुढच्या वर्षी त्याला निर्दोष सोडले. घरगुती जिव्हाळ्याच्या चित्रांबद्दल बोलताना हे बाजूला ठेवता येत नाही. घराच्या आतली प्रत्येक नजर मायेची असतेच असे नाही, हे फिलिपिनो स्त्री-चित्रकारांनी आणि अभ्यासकांनी पुढे ठामपणे मांडले.

१८९८ मध्ये पॅरिसच्या तहाने स्पेनने हा देश २ कोटी डॉलरला अमेरिकेच्या हवाली केला आणि चित्राची जागा कॅमेऱ्याने घेतली. डीन वूस्टर हा मूळचा प्राणिशास्त्रज्ञ. नव्या वसाहती सरकारात तो अंतर्गत खात्याचा प्रमुख झाला आणि त्याने डोंगराळ भागातल्या लोकांचे हजारो फोटो जमा केले. समोरून एक, बाजूने एक, मोजमापासाठी. १९०४ मध्ये सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात तर हजाराहून अधिक फिलिपिनो माणसे आणून, त्यांच्यासाठी गाव उभारून, तिकीट लावून दाखवण्यात आली. त्यांचे फोटो पोस्टकार्डांवर छापले गेले. घराघरांत पोचलेल्या त्या कार्डांनी अमेरिकेत ‘फिलिपिनो’ म्हणजे कोण, याची पहिली कल्पना घडवली. वूस्टरचे संग्रह आज शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात आणि मिशिगन विद्यापीठात आहेत. दोमिंगोचा अल्बमही न्यूबेरीतच आहे. हा तपशील लक्षात ठेवावा.

या थंड नजरेला फर्नांडो आमोरसोलोने ऊन दाखवून उत्तर दिले. भातलावणी करणाऱ्या बाया, आंब्याखाली जेवायला बसलेले कुटुंब, मागून येणारा उजेड, आणि त्या उजेडात सोन्यासारखी झळकणारी डोक्यांची, खांद्यांची कड. कॅलेंडरे, पाठ्यपुस्तके, पर्यटनाची पत्रके, सगळीकडे आमोरसोलो होता. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढून देव आणि नायिका घरोघरी नेल्या, त्याच जातीचे हे काम. त्याच्या चित्रांनी फिलिपिनो माणसाला स्वतःच्या रूपावर प्रेम करायला शिकवले, हे खरे. त्या शेतावर कर्ज, दुष्काळ, जमीनदार कधीच दिसत नाहीत, हेही खरे. दूरदेशी गेलेल्या फिलिपिनोला आजही ‘गाव’ म्हटले की ते आमोरसोलोच्या उजेडातच आठवते, आणि नव्या चित्रकारांना पहिले भांडण करावे लागते ते या उजेडाशी.

ते भांडण १९२८ मध्ये व्हिक्टोरिओ एदादेसने सुरू केले. अमेरिकेतून शिकून परतलेल्या या चित्रकाराने मातकट रंगांतले, ओबडधोबड, पिळदार अंगांचे मजूर मनिलात मांडले. त्याच्याभोवती जमलेल्या आधुनिकांपैकी गालो ओकाम्पोने १९३८ मध्ये तपकिरी वर्णाची, स्थानिक पेहरावातली मेरी रंगवली. याच काळात गोव्याचे अँजेलो दा फोन्सेका साडीतली मेरी रंगवत होते. गोव्यात त्यांना विरोध झाला आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी काम चालू ठेवले. दोघांची गाठभेट झाली नसली तरी प्रश्न एकच होता: आयात झालेल्या देवतेला आपल्या आईचा चेहरा देता येतो का? युद्धानंतरचे नववास्तववादी चित्रकार, विसेंते मानान्साला, सेसार लेगास्पी, हर्नांदो ओकाम्पो, यांनी बेचिराख मनिलाच्या झोपडपट्ट्या घनवादी तुकड्यांत मांडल्या. आनिता मॅगसेसे-हो यांनी डोक्याला रुमाल बांधलेल्या, एकमेकींना खेटून काम करणाऱ्या बायका आयुष्यभर रंगवल्या. त्या बायका पाहणाऱ्याकडे बघत नाहीत. त्या आपसांत गुंतलेल्या आहेत. ‘तिपोस’च्या एकट्या, बघणाऱ्यासाठी उभ्या केलेल्या बाईला मिळालेला हा फार शांत पण पक्का जबाब आहे.

सप्टेंबर १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोसने लष्करी कायदा पुकारला. १९७६ मध्ये ‘काइसाहान’ या गटाने सामाजिक वास्तववादाचा जाहीरनामा काढला. त्या काळातले एक चित्र इथे जवळून पाहण्याजोगे आहे. आंतिपास देलोताव्होने १९७८ मध्ये जलरंगात एक म्हातारा कामगार काढला. तो एका बाजूने दिसतो. खांदे उतरलेले, चाल थकलेली. मागच्या भिंतीवर कोका-कोलाची अवाढव्य लाल जाहिरात आहे आणि तिच्यातल्या अक्षराची वळणदार शेपटी नेमकी त्याच्या छातीपाशी येऊन टेकते. चित्राचे नाव आहे ‘मांग हुआनच्या काळजातली सुरी’. देलोताव्होने यात काहीही पदरचे घातलेले नाही. अशी जाहिरात रस्त्यात होती, असा माणूस रस्त्यात होता. त्याने फक्त त्या दोघांना एका विवक्षित बिंदूवर भेटवले. लोसानोच्या चित्रात माणसांची अक्षरे झाली होती. इथे अक्षर माणसात घुसते. बाजारातून तयार आलेली प्रतिमा आणि तिच्यासमोरचे जिवंत शरीर यांची ही गाठ पडली की इंटरनेटवरची चित्रे रंगवणाऱ्या पिढीचा आजोबा कोण, हे वेगळे सांगावे लागत नाही.

याच राजवटीने १९७४ च्या कामगार कायद्याने माणसांची निर्यात हे सरकारी धोरण केले. आज सुमारे १ कोटी फिलिपिनो देशाबाहेर आहेत: परिचारिका, खलाशी, घरकाम करणाऱ्या बाया, अभियंते. चित्रकारही त्यांच्यातच. आल्फोन्सो ओसोरिओ मनिलात जन्मला, अमेरिकी चित्रकार पोलॉकचा मित्र म्हणून न्यूयॉर्कच्या इतिहासात शिरला आणि १९५० मध्ये निग्रोस बेटावरच्या साखर कारखान्याच्या चर्चमध्ये संतप्त ख्रिस्ताचे धगधगते भित्तिचित्र करून गेला. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या कार्लोस व्हिला यांना विद्यार्थिदशेत ऐकावे लागले की फिलिपिनो कलेचा इतिहास असा काही नाहीच. मग त्यांनी स्वतःच्या देहाचे ठसे, पिसे, केस घेऊन तो इतिहास घडवायला घेतला. पासिता आबाद मार्कोसविरोधी वातावरणात १९७० मध्ये देश सोडून निघाल्या. त्यांनी कॅनव्हासात कापूस भरून, त्याला टाके घालून, वर आरसे, मणी, शिंपले शिवून गोधडीसारखी जाड चित्रे केली. ती गुंडाळून बरोबर नेता येत, आणि देशोदेशी हिंडणाऱ्या बाईला याचा मोठाच उपयोग होता. १९९२ मध्ये त्यांनी स्वातंत्र्यदेवतेला रंगीबेरंगी वस्त्रातली सावळी स्थलांतरित बाई केले. २००४ मध्ये त्या गेल्या. अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालयांनी त्यांचा सिंहावलोकनी सन्मान केला तो २०२३ पासून पुढे.

या पिढीतला जवळिकीचा सर्वांत नेमका प्रयोग मात्र चित्र नव्हे, शिवण आहे. फिलिपिनो कलावंत डेव्हिड मेडाला सांगत असत की १९६७ मध्ये लंडनच्या विमानतळावर त्यांचे दोन पूर्वीचे प्रियकर योगायोगाने एकाच वेळी येऊन गेले. प्रत्येकाला त्यांनी एकेक रुमाल आणि सुई-दोरा दिला: प्रवासात कंटाळा आला तर टाके घाला. पुढे यातूनच त्यांची लांब कापडाची सार्वजनिक कलाकृती उभी राहिली. कोणीही यावे, त्यावर हवे ते शिवावे. दुरावलेल्या माणसांनी एकच पृष्ठभाग वेगवेगळ्या ठिकाणी बसून भरायचा, ही कल्पना सामायिक ऑनलाइन पानांच्या कितीतरी आधीची आहे.

इंटरनेटच्या इतिहासातही फिलिपिन्सची जागा कोपऱ्यातली नाही. ४ मे २००० रोजी जगभरच्या संगणकांवर ‘आय लव्ह यू’ असा विषय असलेला ईमेल आला. प्रेमपत्र समजून लोकांनी तो उघडला आणि लक्षावधी संगणक बिघडले. त्याचा उगम मनिलात होता. त्या वेळी अशा गुन्ह्यासाठी तिथे कायदाच नसल्याने खटला उभा राहू शकला नाही. जानेवारी २००१ मध्ये मोबाईल संदेशांनी जमलेल्या गर्दीने राष्ट्राध्यक्ष एस्त्रादांना पायउतार केले. पुढे समाजमाध्यमांवरचे हिंसक आणि अश्लील फोटो तपासून काढून टाकण्याचे काम मोठ्या प्रमाणावर मनिलातल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांकडे गेले. २०१८ चा ‘द क्लीनर्स’ हा माहितीपट त्यांच्यावरच आहे. जगाला काय दिसावे आणि काय दिसू नये, हे ठरवताना ज्या डोळ्यांनी सगळे पाहिले ते डोळे फिलिपिनो होते. आणि त्याच शहरात आखातातल्या, हाँगकाँगमधल्या, रोममधल्या आईला पडद्यावर पाहत वाढलेली मुले आहेत. त्यांच्यासाठी आईचा चेहरा म्हणजे बऱ्याचदा खालून पडलेला निळसर उजेड, थोडा उशिरा हलणारा ओठ, आणि मागे कोणातरी परक्याचे स्वयंपाकघर. चित्रकाराने हा उजेड रंगवला तर तो काही तंत्रज्ञानावर भाष्य करत नसतो. तो आईचे व्यक्तिचित्र काढत असतो.

पडद्यावरच्या प्रतिमांशी चित्रकलेचा संबंध जगभर चर्चेत आहे. २००९ मध्ये कलावंत-लेखिका हितो श्टायर्ल यांनी पुन्हा पुन्हा कॉपी होऊन फुटलेल्या, कमी दर्जाच्या प्रतिमांची बाजू घेणारा निबंध लिहिला, आणि त्या फुटलेल्या चौकोनांतच प्रतिमेच्या प्रवासाचा पुरावा असतो हे अनेकांच्या लक्षात आले. फिलिपिनो वंशाच्या कलावंतांत या प्रतिमांशी वागण्याच्या तीन रीती ठळक दिसतात. तीन पंथ म्हणण्याइतक्या त्या बंदिस्त नाहीत. पण नव्याने पाहणाऱ्याला उपयोगी पडतील.

पहिली रीत कापण्याची आणि पुन्हा जुळवण्याची. ब्रुकलिनमध्ये काम करणाऱ्या माया क्रूझ पालिलेओ यांनी न्यूबेरी ग्रंथालयात बसून दोमिंगोचे जलरंग आणि वूस्टरचे फोटो अभ्यासले. त्यांतल्या आकृतींची रेखाटने करून ती कापली, त्यांच्यावर कागद ठेवून ग्राफाइट घासून ठसे घेतले, आणि मग तीच माणसे दाट हिरव्या-निळ्या रंगांच्या झाडीत, स्वतःच्या नातेवाइकांच्या आणि ऐकलेल्या घरगुती गोष्टींच्या सोबतीला आणून बसवली. कोऱ्या कागदावर एकटी उभी असलेली विक्रेती इथे कोणाची तरी मावशी होते. व्यापाऱ्याने नेलेला अल्बम दोनशे वर्षांनी घरच्या माणसाच्या हाती लागल्यावर काय होईल, त्याचे हे उत्तर आहे.

दुसरी रीत झाकण्याची. मनिलात जन्मलेल्या, कॅलिफोर्नियात काम करणाऱ्या स्टेफनी सिहुको यांनी सेंट लुईस प्रदर्शनाच्या जुन्या फोटोंतल्या माणसांच्या चेहऱ्यांवर स्वतःचे हात ठेवले आणि ते हातासकट पुन्हा टिपले. संग्रहालये आपले जुने फोटो ऑनलाइन खुले करतात तेव्हा जुने प्रदर्शनच नव्याने भरते: तिकीट नाही, वेळेचे बंधन नाही, प्रेक्षकांची मोजदाद नाही. सिहुको त्या माणसांना निदान एका तळहाताएवढा आडोसा देतात. पाहू न देणे हीसुद्धा जवळिकीची कृती असते, हे या मालिकेइतके थेट क्वचितच कोणी सांगितले असेल.

तिसरी रीत हाताने पुन्हा घडवण्याची. होनोलुलूत जन्मलेल्या पॉल फायफर यांनी फिलिपिनो संतमूर्ती घडवणाऱ्या कारागिरांकडून जस्टिन बीबरचे हात, पाय, डोके लाकडात कोरून, रंगवून घेतले. अब्जावधी वेळा पडद्यावर उमटलेला देह शेवटी पटाशीखाली आला. लंडनस्थित पिओ आबाद यांनी दागिने घडवणाऱ्या आपल्या पत्नीसोबत राष्ट्राध्यक्ष मार्कोसची पत्नी इमेल्दा हिच्या जप्त झालेल्या दागिन्यांच्या त्रिमित छपाईने प्रतिकृती केल्या. मूळ दागिने तिजोरीत बंद, त्यांची पांढरी भुते सर्वांसाठी खुली. हे दोघे रूढ अर्थाने चित्रकार नाहीत. पण प्रतिमा वेगाने धावू लागल्यावर हाताला काय काम उरते, हा त्यांचा प्रश्न रंगवणाऱ्यांचाही आहे. स्क्रीनशॉट क्षणात निघतो. तैलरंग सुकायला दिवस लागतात, आणि तेवढे दिवस त्या चेहऱ्यासमोर बसावे लागते. वेळ देणे हीच इथली जवळीक.

या कलेवर आक्षेपही आहेत आणि ते टाळून पुढे जाणे बरे नव्हे. परदेशी राहणाऱ्यांची हळवी आठवण न्यूयॉर्कच्या दालनांत विकली जाते, आणि मनिलात राहून काम करणारा मागे पडतो, ही तक्रार जुनी आहे आणि तिच्यात तथ्य आहे. ‘वारसा’ हे लेबल कलाकाराला दार उघडून देते आणि मग त्याच खोलीत कोंडूनही ठेवते. मित्राने विश्वासाने पाठवलेला फोटो चित्र होऊन भिंतीवर लागला तर त्या मित्राची परवानगी कोणी घेतली? वसाहती छायाचित्रकाराला विचारलेला प्रश्न आजच्या चित्रकारालाही विचारायला हवा. आता तर यंत्रे मागणीनुसार हवी तशी माणसे बनवून देतात, ‘पारंपरिक पोशाखातली फिलिपिनो स्त्री’ म्हटले की काही सेकंदांत ती हजर. दोमिंगोचा कोरा कागद आणि त्यावरची निनावी विक्रेती परत आली आहे, यावेळी खरे माणूस समोर उभे करण्याचीही गरज न ठेवता.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. जगाच्या व्यापारी जहाजांवर फिलिपिनो आणि भारतीय खलाशी एकाच मेसमध्ये जेवतात, आणि रत्नागिरी, रायगडच्या कितीतरी घरांत बाबा म्हणजे महिनोन्‌महिने फोनवरचा चेहरा असतो. आखातातल्या इस्पितळांत आपल्या परिचारिका फिलिपिनो परिचारिकांसोबत पाळ्या करतात. आपल्या चित्रकलेतही या प्रश्नाची एक वाट आहे: मुंबईत जन्मलेल्या भूपेन खख्खरांनी बाजारी छापील चित्रांची भाषा उचलून पुरुषांमधल्या प्रेमाची अत्यंत खासगी चित्रे बडोद्यात बसून काढली. लोकांसाठी छापलेली प्रतिमा आणि कोणाला न सांगितलेली जवळीक यांची सांगड त्यांनी इंटरनेटच्या कितीतरी आधी घातली होती. फोनवरून रोज येणारे फोटो मराठी चित्रकारांनी कसे हाताळावेत, या विचाराला फिलिपिनो अनुभवाची जोड मिळाली तर हवी आहे.

या संग्रहाचा आवाका मर्यादित ठेवला आहे. मिंदानाओच्या मुस्लिम प्रदेशातली कोरीव नक्षी, डोंगराळ भागातले विणकाम, फिलिपिन्सची समृद्ध चित्रकथा-परंपरा यांना प्रत्येकी वेगळे पुस्तक लागेल. ते इथे ओझरते येतात. अमूर्त चित्रकलाही बाजूला ठेवली आहे, कारण आमचा रोख माणसाच्या आकृतीवर आहे. लेखकांना एकच सूचना केली होती: आधी एका चित्रासमोर बसा, मग चित्रकाराच्या चरित्राकडे जा, आणि सिद्धान्त लागला तरच वापरा. त्यामुळे काही लेखांत इतिहास जास्त आहे, काहींत फक्त एका कॅनव्हासच्या कडेची चर्चा आहे. लेखकांची मतेही एकमेकांशी जुळतात असे नाही. पालिलेओंच्या झाडीत कोणाला दिलासा दिसतो, तर कोणाला तिच्यात आमोरसोलोचा उजेडच मागच्या दाराने परत आलेला वाटतो. ती मते तशीच ठेवली आहेत.

नावांचे लेखन स्पॅनिश आणि तागालोग उच्चारांच्या जवळ जाईल असे केले आहे. रूढ झालेली रूपे बदललेली नाहीत. लेख कोणत्याही क्रमाने वाचता येतील, पण रंगीत पाने आधी पाहावीत. प्रत्येक चित्रासमोर तीन गोष्टी विचाराव्यात: हे कोणाला दाखवण्यासाठी काढले, इथवर कोणाच्या हातून आले, आणि ज्याचे चित्र आहे त्याला कोणी विचारले होते का? उत्तरे दर वेळी मिळणार नाहीत. पण हे प्रश्न घेऊन वाचक आपल्या फोनमधल्या फोटोंकडे आणि आपल्या भिंतीवरच्या तसबिरींकडे वळला, तर हा संग्रह काढण्यामागचा आमचा हेतू पुरा झाला.